वरच्या मजल्यावरची पावलं

लातूरच्या ट्यूशन एरियात फरहानचं कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि त्या दुकानात हेडसेट घ्यायला आलेलं पोरगं आधी विचारायचं, "शिवकन्याताई हायत का?" ताई नसतील तर म्हणायचं, "मग संध्याकाळी येतो."

ही पोरं भोकर, धर्माबाद, देगलूर, कुठून कुठून आलेली. डॉक्टर व्हायला लातूरला ठेवलेली. सोबत आलेल्या बापाला सांगितलेलं असायचं की ऑनलाइन लेक्चरसाठी हेडसेट लागतो. आणि बोट ठेवायची ती कडेनं लाल-निळे दिवे लागणाऱ्या, तोंडापुढं माइकची दांडी असलेल्या गेमिंगच्या हेडसेटवर. बाप विचारायचा, "लेक्चर ऐकायला लायटी कशाला रं?" पोरगं शिवकन्याकडं बघायचं. शिवकन्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायची, "लायटीचं जाऊ द्या मामा. चार तास कानावर ठेवायचं हाय, कान दुखायला नको. हे घ्या." ती खोटं बोलत नसे आणि पोराला उघडंही पाडत नसे.

दहा वर्षं झाली होती तिला त्या दुकानात. आधी ती नुसती काउंटर बघायची. मग फरहाननं यूट्यूबवर चॅनल काढलं, हजार-पंधराशेतल्या हेडसेटची पारख करणारं, आणि कसं कोण जाणे, ती त्या चॅनलचा कान झाली. फरहान बोलबच्चन, माहिती तो सांगायचा. पण लोक बघायचे ते शेवटची बोटचाचणी.

चाचणी साधी होती. फरहानची धाकटी बहीण मनतशा गोळीबाराच्या गेममध्ये एक गडी एका जागी उभा करायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून दुसरा गडी त्याच्याभोवती चालवायची. उभ्या गड्याला जे ऐकू येईल ते शिवकन्याच्या कानातल्या हेडसेटमध्ये. चष्मा काढून डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि पावलं जिकडून येतील तिकडं शिवकन्यानं बोट करायचं. बघणाऱ्याला स्क्रीनवर चालणारा गडी दिसायचा. पावलं डाव्या खांद्यामागून गेली की तिचं बोट डाव्या खांद्यामागं. हेडसेट चांगला असला तर बोट घड्याळाच्या काट्यासारखं फिरायचं. हेडसेट भंकस असला, नुसता बेस घुमवणारा, तर तिचं बोट मध्येच अडायचं, आणि ती म्हणायची, "इथं घोटाळा हाय. पुढून आला का मागून, कळंना." फरहान तो हेडसेट बाजूला ठेवायचा. त्या महिन्यात तो लातुरात विकला जात नसे.

इतका नेमका कान तिला कुठून आला, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिनं सांगितलं नसतं. भूकंपाच्या वेळी ती सहा वर्षांची होती, औसा तालुक्यातल्या गावात. आई आणि तान्हा भाऊ घरातच गेले. बाप त्याआधीच नव्हता. तिला दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना दगडमातीतून काढलं, आणि लातूरच्या सरजाबाई आत्यानं वाढवलं. आत्याच्या घरात त्या दिवसाचं नाव निघत नसे. अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज आल्याच्या बातम्या यायच्या, शेजारीपाजारी आरडाओरडा करत बाहेर पडायचे. आत्या मुकाट्यानं दोघींची अंथरुणं अंगणात टाकायची, बस्स. लग्न झालं तेव्हा नवऱ्याला, माउलीला, एवढंच कळलं की बायको ढिगाऱ्यातून वाचलेली आहे. तोही भला माणूस, त्यानं पुढं खोदून विचारलं नाही.

डिसेंबरात नांदेडला एका मंगल कार्यालयात गेमिंगची मोठी स्पर्धा भरली. स्पर्धेला हेडसेट पुरवले होते वीरण्णांनी. वीरण्णा मूळचे देगलूरचे, साठीला आलेले, नांदेडात त्यांचं इलेक्ट्रिक सामानाचं गोदाम. आयुष्यभर पंखे आणि मिक्सर विकले, आणि आता मुलाच्या नादानं त्यांनी स्वतःच्या नावाचा हेडसेट बनवून घेतला होता. नाव ठेवलं 'झुंज'. माल भरपूर उचलला होता. नांदेड-लातूरच्या क्लासवाल्या पोरांत नाव झालं तरच तो खपणार होता. म्हणून त्यांनी स्वतः फोन करून फरहानला सांगितलं, "अक्कांना आणा. स्टेजवर, सगळ्यांसमोर, अक्कांची चाचणी होऊ द्या."

कार्यालय गच्च भरलं होतं. स्टेजवर मागं हा एवढा पडदा. पहिल्या रांगेत वीरण्णा, पांढरं धोतर, कपाळाला भस्म, हात मांडीवर. शिवकन्यानं चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. फरहाननं डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तिनं 'झुंज' कानावर चढवला.

कानाच्या गाद्या जाड होत्या. त्या बसल्या आणि सभागृहाचा गलका कुणी दार लोटावं तसा बंद झाला. इतक्या स्वस्तातल्या हेडसेटनं बाहेरचा आवाज असा तोडलेला तिनं कधी अनुभवला नव्हता. तिला बरं वाटलं. चांगला दिसतोय, ती मनात म्हणाली.

पहिली फेरी सरळ झाली. पावलं उजवीकडून आली, पुढून गेली, डावीकडं वळली, गवतातून चालली, मग फरशीवर. तिचं बोट फिरत राहिलं. टाळ्या पडल्या असतील, पण तिला ऐकू आल्या नाहीत. तिला फक्त पावलं ऐकू येत होती, टाच कुठली आणि चवडा कुठला इतकी स्वच्छ.

दुसऱ्या फेरीत मनतशानं नवीन काहीतरी करायचं ठरवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, ताईंनाही नाही, कारण गंमत त्यातच होती. तिनं उभ्या गड्याला एका पडक्या घराच्या तळघरात नेलं आणि दुसरा गडी वरच्या मजल्यावर चढवला.

पावलं वरून आली.

डोक्याच्या अगदी वर. धप, धप. मध्ये फळी कुरकुरली. मग बारीक काहीतरी सांडल्यासारखं झालं, वाळू ओघळावी तसं. गेम बनवणाऱ्यांनी छताची मातीसुद्धा सोडली नव्हती.

शिवकन्याचं बोट मघाच्याच जागी, डावीकडं रोखलेलं होतं. ते तिथंच राहिलं. तिला कळत होतं की पावलं वर आहेत, आता उजवीकडं सरकली, आता थांबली. सगळं कळत होतं. पण हात हलला तर माती पडेल. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. हात हलला की तोंडावर माती पडते, नाकात जाते, म्हणून हलायचं नाही. पावलं थांबलीत. आता हाक मारायची. तिनं तोंड उघडलं, आणि घशातून काहीच आलं नाही. पावलं पुन्हा निघाली आणि लांब गेली.

शेकडो लोक पडद्याकडं बघत होते. गडी वरच्या मजल्यावर येरझाऱ्या घालतोय आणि बाईचं बोट भलतीकडंच. आधी कुजबूज, मग एक शिट्टी. सूत्रसंचालन करणाऱ्या पोराला राहवलं नाही. माइकवर तो ओरडला, "मॅडमलाच ऐकू येईना राव! झुंज हरली!" कार्यालय हसून लोटपोट झालं.

फरहाननं पट्टी सोडली तेव्हा शिवकन्याचा चेहरा घामानं निथळत होता. "ताई, काय झालं? तब्येत बरी हाय ना?" तिनं मान हलवली. समोर वीरण्णा बसले होते. ते हसत नव्हते, कुणावर ओरडतही नव्हते. नुसते तिच्याकडं बघत होते. ती स्टेजच्या मागच्या पायऱ्यांनी उतरली आणि गाडीत जाऊन बसली.

परतीच्या वाटेवर लोहा मागं पडलं. मग फरहानच म्हणाला, "मला वाटलंच होतं. साइडचा आवाज देतो, वरचा देत न्हाई. स्वस्तातले बहुतेक असेच असतात."



"भैया, पण मी घरी ऐकलं होतं," मागून मनतशा म्हणाली. "मला तर वरचा आवाज नीट आला."

"तुझ्या कानावर काय जाते मने. ताईंच्या कानाला न्हाई आला म्हणजे न्हाई आला." फरहानचा तिच्यावर इतका विश्वास होता, आणि तो विश्वासच तिला त्या क्षणी नको झाला. दोनच शब्द बोलायचे होते फक्त. 'आला होता.' ते बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली तोवर स्टेजवरची ती क्लिप लातूरभर झाली होती. कुणी तिच्या थिजलेल्या बोटावर गाणं लावलं होतं, कुणी 'झुंज'च्या खोक्याला हार घातला होता. नांदेडच्या दोन दुकानदारांनी वीरण्णांचा माल परत पाठवायची भाषा सुरू केली होती. फरहान लॅपटॉपपुढं बसला होता, आनंदात आणि थोडा ओशाळलेला.

"ताई, चॅनलवर इतकी माणसं कधीच आली न्हाईत. संध्याकाळी आपला निकाल टाकून देतो. 'झुंज' नापास. तुम्ही दोन ओळी बोला, बस."

"टाकू नको."

"कामून?"

"टाकू नको म्हणले ना."

"मग सांगू काय लोकांना? सगळे इचारून राहिलेत. हेडसेट पास हाय तर तुमचं बोट कामून हललं न्हाई?"

ती काउंटरवरच्या तारा गुंडाळायला लागली. फरहान चिडला नाही, पण त्याचा आवाज बदलला. "वीरण्णा शेठ आपल्या अब्बाच्या ओळखीचे हायत ताई, म्हणून तुम्हाला वाईट वाटत असंल. मला बी वाटतं. पण आपण आजवर कुणाला सोडलं न्हाई. ह्यांना सोडलं तर लोक म्हणतील, विकले गेले."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वीरण्णाच होते.

"अक्का, मला यातलं काय कळत न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "एकच सांगा. माझा माल खराब हाय का? खराब असंल तर खराब म्हणा, मी परत पाठवतो. पर खरं सांगा."

शिवकन्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. समोर फरहान बघत होता. 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. क्लिप खरी ठरली असती, फरहानचा निकाल खरा ठरला असता, आणि तिला कुणी काही विचारलं नसतं.

"मी नांदेडला येते," ती म्हणाली. "आज दुपारी."

फरहाननं डोळे विस्फारले. तिनं काउंटरवरचं 'झुंज'चं खोकं उचललं. "मी फोन करीपर्यंत थांब. एवढं कर माझ्यासाठी."

"संध्याकाळपर्यंत ताई. उद्या दुसरं कुणीतरी टाकंल."

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. चाकूर येईपर्यंत ती खोकं मांडीवर घेऊन बसली. मग तिनं मनतशाला मेसेज केला, कालचा दुसऱ्या फेरीचा आवाज पाठव म्हणून. तो आला. शिवकन्यानं चष्म्यावरूनच हेडसेट चढवला, तार मोबाइलला जोडली आणि ओढणी डोक्यावरून घेतली, बघणाऱ्याला लायटी दिसायला नकोत म्हणून.

बसचा खडखडाट बंद झाला. धप, धप. पहिल्या वेळी तिनं तीनच पावलं ऐकली आणि बटण दाबलं.  बाहेर ऊस भरलेले ट्रॅक्टर जात होते. ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग पुन्हा लावलं. या वेळी माती ओघळेपर्यंत ऐकलं. तळहात मांडीखाली दाबून धरला होता, तो तिनं मुद्दाम बाहेर काढला आणि उघडझाप केली. तोंडावर काही पडलं नाही. अहमदपूरला बस थांबली, चहावाला खिडकीशी ओरडून गेला, ती ऐकतच होती. वर उजवीकडं. वर मधोमध. थांबला. निघाला. आवाज नुसता वरून येत होता असं नाही, किती वरून येतोय तेही कळत होतं. या किमतीत असा हेडसेट तिनं पाहिलाच नव्हता. कालपासून तिला हे माहीत होतं. आता तिनं ते मन लावून, कामाच्या कानानं ऐकलं.

आणि तसं ऐकता ऐकता तिला दुसरीही गोष्ट कळली. डाव्या कानामागं, चष्म्याची काडी गादीखाली दाबली जात होती तिथं, ठणका लागला होता. डोक्यावरचा पट्टा घट्ट होता. तिनं काडी सरकवून पाहिली, पट्टा सैल करून पाहिला, फरक पडेना. काल स्टेजवर चष्मा पर्समध्ये होता, म्हणून ते कळायचा प्रश्नच नव्हता. नांदेडला उतरली तेव्हा कानामागं लाल वळ उठला होता.

गोदाम जुन्या मोंढ्याच्या बाजूला होतं. छतापर्यंत खोक्यांच्या थप्प्या, मध्ये टेबल, टेबलामागं वीरण्णा. त्यांनी उठून खुर्ची पुढं केली.

"बसा अक्का. तुमच्या एका बोटानं माझं काय झालं बघा. सकाळपासनं फोन चालू हायत. पोरगं माझं तोंड लपवून घरात बसलंय. मी तुम्हाला मान देऊन बोलावलं. मालात खोट असंल तर सांगायचं होतं तिथंच. गप बसलात. गप बसण्यानं तर जास्ती हसले लोक."

"मालात खोट न्हाई आप्पा."

"मग?"

"वरची पावलं ऐकू आली. लई साफ आली. म्हणूनच हात हलला न्हाई."

वीरण्णांना काही उमगलं नाही. ते भुवया ताणून बघत राहिले. शिवकन्यानं खोकं टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडंच बघत बोलायला लागली. माणसाकडं बघून तिला ते सांगता आलं नसतं.

"भूकंपात मी घराखाली होते. दाराची चौकट तिरपी पडली व्हती, तिच्याखाली. आई शेजारी व्हती, पर ती लवकरच बोलायची थांबली. सकाळी वरून माणसं फिरायला लागली. मला पावलं ऐकू यायची. कुठून आली, कुठं गेली, सगळं कळायचं. मी हाक मारायची, आवाज निघायचा न्हाई, तोंडात माती. हात हलवला की अजून माती पडायची. मग मी हलायचंच सोडलं. नुसती ऐकत पडले. आली, थांबली, गेली. आली, गेली. काल तुमच्या हेडसेटमधे तसंच ऐकू आलं. हुबेहूब." ती थांबली. "हे मी कुणाला सांगितल्यालं न्हाई. माझ्या मालकाला बी न्हाई. तुमच्या मालाचं नाव खराब झालं म्हणून सांगून राहिले."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, वीरण्णा काहीतरी म्हणतील. अरेरे म्हणतील, डोळे पुसतील. लोक तसंच करतात. वीरण्णा मात्र ताठ झाले होते. चेहरा दगडासारखा. बराच वेळ त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं, मग घसा खाकरून म्हणाले, "मग आता कसं करायचं?"

तिला ते लागलं. एवढं उघडं केलं, आणि या माणसाला अजून धंद्याचंच. पण ती आली होती तीही त्याचसाठी. "मी इथंच बोलते. तुमच्या फोनवर घ्या, मी फरहानला पाठवते."

थप्प्यांसमोर खुर्ची ठेवून तिनं ते सांगितलं. वीरण्णांनी दोन्ही हातांनी फोन धरला होता.

"नमस्कार. काल नांदेडात माझं बोट थांबलं, ते हेडसेटमुळं न्हाई, माझ्यामुळं थांबलं. कारण माझं माझ्यापाशी. आज मी येताना बसमधे ह्याचा आवाज परत ऐकला. खालचा, वरचा, मागचा, सगळा आवाज बरोबर येतो. या किमतीत मी याच्याहून चांगला ऐकल्याला न्हाई. पावलांसाठी घ्यायचा असंल तर डोळे झाकून घ्या." तिनं श्वास घेतला. "पर चष्मा असणाऱ्यांनी घेऊ नका. पट्टा लई आवळतो. हे बघा, माझ्या कानामागं वळ उठलाय. क्लासचं पोरगं चार तास घालून बसलं तर डोकं धरंल. गादी मऊ पाहिजे अन् पट्टा सैल पाहिजे."

वीरण्णांनी फोन खाली केला. "एवढं बी सांगायलाच पाहिजे का अक्का?"

"पाहिजे. निम्म्या पोरांना चष्मा हाय."

त्यांनी फोन तिच्या हातात दिला, तिनं तो व्हिडिओ फरहानला पाठवला. फरहानचा लगेच फोन आला. "ताई, कारण माझ्यापाशी म्हणजे काय? लोक डोकं खातील."

"खाऊ दे."

 "बरं. तुम्ही म्हणता तर असाच टाकतो. एक शब्द कापत न्हाई." मग हळूच, "ताई, मनू रडून राहिली सकाळपासनं. तिला वाटतं तिचंच काहीतरी चुकलं."

"तिचं काय चुकलं न्हाई म्हणावं. चाचणी चांगली व्हती. उद्या मी बोलते तिच्याशी."

वीरण्णांनी तिला स्कूटरवरून बसस्टँडवर सोडलं.  लातूरची बस लागलेली होती. ती चढून पुढच्या बाजूच्या खिडकीत बसली, आणि बघते तो वीरण्णा गेले नव्हते. स्कूटर उभी करून ते खिडकीखाली आले होते. गज धरून उभे राहिले.

"अक्का, एक इचारू?"

"इचारा की."

"मी बी गेल्तो तवा तिकडं. आमच्या गावची पोरं, ट्रक काढून. तीस वर्षांचा व्हतो मी." ते गजाकडंच बघून बोलत होते. "वाड्या-घरांचं काय ऱ्हायलंच नव्हतं, नुसते ढीग. आम्ही ढिगावर चढायचो, एकजण हात वर करायचा, की सगळे गप. कान लावायचा. कोणी हाक दिली तर उकरायचं. एका घरावर आम्ही लई वेळ उभे ऱ्हायलो. काय ऐकू न्हाई आलं. म्हणून पुढं गेलो. दुसऱ्या दिवशी मिल्ट्रीनं तेच घर उकरलं, अन् म्हातारा निघाला एक. गेल्याला व्हता. पर डॉक्टर म्हणाला, आत्ताच गेलाय, सकाळी." त्यांनी मान वर केली. "तुम्ही खाली व्हता म्हणून इचारतो. दुसऱ्या कुणाला इचारू? आम्ही वर उभे व्हतो, ते त्याला कळलं असंल का?"

कंडक्टर मागून तिकिटं देत येत होता. शिवकन्याला पटकन 'नाही' म्हणता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाचं ओझं उतरलं असतं. पण सकाळी ज्या माणसानं 'खरं सांगा' म्हणून फोन केला होता, तोच माणूस खाली उभा होता, आणि ऐकू येतं की नाही याबद्दल तिनं आजवर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"कळलं असंल," ती म्हणाली.

वीरण्णांचे डोळे मिटले.

"आप्पा, ऐका माझं. आप्पा." तिनं गजांतून हात बाहेर काढून त्यांच्या बोटांवर ठेवला. "पावलं आली की बरं वाटायचं. खरं सांगते. हाक पोचली न्हाई तरी बरं वाटायचं, की वर कोणीतरी हाय, फिरून राहिलंय, सोडून गेलं न्हाई कोणी. थांबल्यालं तर लईच कळायचं. थांबला म्हणजे आपल्यासाठी थांबला. वाईट वाटायचं ते पावलं नसताना. सारं चिडीचूप व्हायचं ना, ते वाईट. तुम्ही उभे व्हता तेवढा येळ तो म्हातारा एकटा नव्हता."

"राग न्हाई आला कधी? वरून जाणाऱ्यांचा?"

 हा प्रश्न तिनं स्वतःला कधी विचारलाच नव्हता. "न्हाई," ती सावकाश म्हणाली, आणि ते खरं होतं हे बोलताना तिचं तिलाच कळलं. "त्यातल्याच कुणीतरी काढलं की मला."

वीरण्णांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तेव्हा ते दोन पावलं मागं सरकले आणि ओरडून म्हणाले, "गाद्या बदलून घेतो अक्का! पुढचा माल येईल तवा परत बघा!"

"बघते!"

'झुंज'चा पहिला माल पुढं निम्मा खपला, निम्मा बरेच दिवस गोदामात राहिला. तिचा व्हिडिओ लोकांनी पाहिला, पण हसण्याची क्लिप जेवढी पाहिली तेवढा नाही. ट्यूशन एरियात चिडवणारी पोरं काही महिने होती, मग त्यांच्या परीक्षा आल्या. हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी बस नांदेडबाहेर पडली, सिडकोचे दिवे मागं गेले, आणि शिवकन्यानं माउलीला फोन लावला.

"कुठवर आलीस? स्टँडवर येऊ का घ्यायला?" तो म्हणाला.

"या," ती म्हणाली. "अन् जेवायची घाई करू नका. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. जरा वेळ लागंल."